गाडी उभी राहिली की कुणाचं जातं? लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकचालकांनो, या चुका टाळा

इंदूरच्या देवास नाक्यावर काम शोधायला आलेला नवा ड्रायव्हर पहिला प्रश्न एकच विचारतो, "महिन्याला किती?" मालक याच प्रश्नाची वाट बघत असतो. या एका आकड्यामागे बाकी सगळं झाकता येतं.

गेल्या श्रावणात माझा भाचा हेवीचं लायसन्स घेऊन माझ्याकडे आला. चहा येईपर्यंतही त्याला धीर नव्हता. "मामा, बावीस हजार देतोय. दहा चाकी आहे, गाडी नवी आहे. घेऊ का?"

मी विचारलं, "गाडी उभी राहिली तर किती देतो?"

"उभी कशाला राहील?"

मी अकरा वर्षं गाडी चालवली. आता एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या गाड्या लावतो, म्हणजे कोणती गाडी कुठे भरायची आणि कुठे खाली करायची ते बघतो. दोन्ही बाजू पाहिल्यावर सांगतो, "उभी कशाला राहील?" हीच नव्या ड्रायव्हरची मूळ चूक. पगार, घरची रजा आणि मालाची निवड हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिघांची दोरी एकाच खुंटीला बांधलेली असते. गाडी किती दिवस उभी राहते, आणि त्या दिवसांचे पैसे कोण सोसतं?

महिन्याचा आकडा ऐकून हो म्हणणं

हिशोब कागदावर मांडू. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

इंदूर ते भिवंडी साडेपाचशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन अकराशे. भरलेल्या गाडीला घाट, टोल, जेवण धरून तासाला चाळीस-पंचेचाळीसची सरासरी पडते. मध्ये झोप घेऊन एका बाजूला दोन दिवस, म्हणजे फेऱ्याला चार दिवस. महिन्यात सात फेरे बसायला हवेत. प्रत्यक्षात पाच झाले तर महिना चांगला गेला म्हणायचं, आणि चारवर आटोपलेले महिने मी कितीतरी पाहिलेत. उरलेले दिवस गाडी पीथमपूरच्या एखाद्या कारखान्याच्या गेटबाहेर, भिवंडीच्या गोदामासमोर किंवा परतीच्या मालाच्या आशेवर पेट्रोल पंपावर उभी असते.

आता मालक म्हणाला, "किलोमीटरला चार रुपये देतो." सहा फेऱ्यांचे २६,४०० होतात आणि नवा ड्रायव्हर तोच आकडा घरी सांगतो. चार फेरे झाले तर १७,६०० हातात येतात. उभ्या दिवसांतलं जेवणही त्यातूनच जातं. दुसरा मालक १८ हजार पगार आणि रोजची ३०० रुपये खुराकी, म्हणजे जेवणखर्च, देतो. ऐकायला हा सौदा फिका वाटतो, पण गाडी उभी असली तरी खुराकी चालू राहत असेल तर चार फेऱ्यांच्या महिन्यात हाच मालक पुढे निघतो.

म्हणून पहिलं वर्षभर तरी ठरलेला पगार आणि खुराकी हाच सौदा घ्या, असं माझं मत आहे. किलोमीटरवर कमावता येतं, पण कोणतं गेट किती तास खातं हे माहीत असणाऱ्यालाच. ते कळायला एक दिवाळी, एक पावसाळा आणि एक मार्च अंगावरून जावा लागतो. भाड्याच्या टक्क्यांवर काम देणारेही भेटतात. तिथे खरं भाडं किती ठरलं हे बिल्टीवरून, म्हणजे मालाच्या पावतीवरून, कळेलच असं नाही. त्यात नव्याने पडू नये.

"खुराकी रोज" म्हणजे कोणता रोज, हे आधी विचारून घ्या. काही मालक गाडी चालली त्याच दिवसाची खुराकी देतात, काही इंदूरला गाडी लागली की बंद करतात. हे भांडण महिन्याअखेरी हिशोबाच्या वहीवर होतं. तिथे तोंडी बोलणं टिकत नाही. बोलणी झाली की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: "शेठजी, ठरल्याप्रमाणे पगार अमुक, खुराकी रोज ३००, गाडी उभी असली तरी. टोल, हमाली, पंक्चर मालकाकडे. चोवीस तासांनंतर हॉल्टिंगचे अमुक." हॉल्टिंग म्हणजे गाडी गेटवर अडकून राहिल्याचे पैसे. हिंदीत लिहा, शेठजींना मराठी कुठून येणार! समोरून नुसता अंगठा आला तरी पुरे. मेसेजचा राग येणाऱ्या मालकाला हिशोबाचाही राग येणारच.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं

ही चूक मी वेगळी काढली आहे, कारण ती पैशातून जन्मते आणि जिवावर येते.

बरेच मालक फेऱ्याचं डिझेल बांधून देतात. अकराशे किलोमीटर, लिटरला चारचं ॲव्हरेज, म्हणजे २७५ लिटर. वाचलं तर तुमचं, जास्त लागलं तर तुमच्या पगारातून. गाडी काठोकाठ भरली आणि ॲव्हरेज ३.७ वर आलं की लागतं २९७ लिटर. वरचे बावीस लिटर नव्वदच्या भावाने धरले तरी १,९८० रुपये कटतात. नवा पोरगा एक-दोनदा हा कट खातो आणि मग ढाब्यावरचा कुणीतरी उस्ताद त्याला कानमंत्र देतो: उतार आला की न्यूट्रल कर.

इंदूरहून मुंबईकडे जाताना माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरावं लागतं. मानपूर, मग खलघाटच्या अलीकडचा गणेश घाट, आणि सेंधव्यापुढे बिजासन घाट. गणेश घाटात ब्रेक फेल होऊन किती गाड्या एकमेकींवर चढल्या याच्या बातम्या इंदूरच्या पेपरांत वर्षानुवर्षं येत होत्या. "ब्रेक फेल" म्हणजे दर वेळी ब्रेक तुटलेला असतो असं नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर पडतो, लायनिंग तापतं आणि तापलेलं लायनिंग पकडत नाही. वारंवार ब्रेक मारला की ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरते.

गंमत अशी की न्यूट्रलने डिझेल वाचतं हेही आजच्या गाड्यांना लागू नाही. इंजिन आता इलेक्ट्रॉनिक आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा फवारा जवळपास बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे उस्तादाचा मंत्र जुन्या पंपाच्या गाडीचा, आणि तो जपतोय नव्या बीएस-सिक्स इंजिनाच्या गाडीवाला! उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक लावा. बिजासनी मातेला हात जोडायला तिथे सगळेच थांबतात. त्याच वेळी खाली उतरून ड्रमजवळ हात धरून ताप बघा.

सौदा करतानाच भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं बांधून मागा. घाटाच्या मार्गाला वेगळं, सपाट मार्गाला वेगळं. चार ते चारच धरणारा मालक हट्टाला पेटला तर पहिल्या तीन फेऱ्यांत टाकी फुल ते टाकी फुल मोजून पावत्या त्याच्यासमोर ठेवा.

जाता जाता युरियाबद्दल. एप्रिल २०२०नंतरच्या गाड्यांत डिझेलशिवाय जो निळा डबा लागतो त्यात ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी असतं. रस्त्याकडेचा स्वस्त डबा किंवा साधं पाणी ओतलं की सेन्सर बिघडतो, गाडी ओढ धरत नाही आणि दुरुस्तीचं बिल ड्रायव्हरच्या नावावर पडतं. युरिया नेहमी पक्क्या बिलावर घ्या.

जास्त भाडं बघून माल घेणं

नवा ड्रायव्हर म्हणतो, माल मालक ठरवतो, माझ्या हातात काय? अर्धं खरं आहे. कोणत्या मालकाकडे लागायचं हे तुमच्या हातात असतं, आणि बहुतेक मालक एखाद-दोन प्रकारचाच माल ओढतात. मालक निवडलात की माल निवडलात.

इंदूरच्या आसपास काय भरतं ते बघा. पीथमपुरातून गाड्यांचे सुटे भाग, औषधं, कंटेनर. सांवेर रोड आणि पालद्याकडून नमकीन, खाद्यतेल, खोक्यांतला माल. सोयाबीनच्या कारखान्यांतून पेंड, जिला सगळे डीओसीच म्हणतात. चोइथराम मंडीतून बटाटा, कांदा, लसूण. लोहामंडीतून लोखंड. या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं.

पार्सलची डाक गाडी उभी राहत नाही. तिची वेळ बांधलेली असते आणि सहसा दोन ड्रायव्हर असतात. पैसा नियमित, घरी येण्याचा दिवसही बऱ्यापैकी नक्की. पण झोप मोडते. चालत्या केबिनमध्ये झोपणं सगळ्यांना जमत नाही. मला जमलं नाही, तीन महिन्यांत सोडली. पंचविशीतल्या पोराने करून बघायला हरकत नाही, मात्र दुसरा ड्रायव्हर कोण हे आधी बघून. रात्री तुमचा जीव त्याच्या डोळ्यांवर असतो.

खोक्यांतला कंपनी माल नव्यांसाठी सर्वांत बरा. वजन कमी, ताडपत्री-रस्सा कमी, पैसे बुडत नाहीत. दुखणं एकच. मोठ्या कंपनीचं गोदाम तुम्हाला आत घेतं स्वतःच्या मर्जीने. शनिवारी दुपारी पोचलात तर सोमवारी नंबर लागेल.

मंडीचा माल उलटा. लसूण-बटाट्याच्या व्यापाऱ्याला पहाटेचा लिलाव गाठायचा असतो, त्यामुळे गाडी पटकन खाली होते. पण रात्रभर दामटायला लावतात आणि उशीर झाला तर भाव पडल्याची रड भाड्यातून वसूल होते. शिवाय कांदा-लसूण वाटेत सुकतो, वजन घटतं. किती सूट धरली आहे हे बिल्टीवर लिहिलं नसेल तर घट तुमच्या माथी. भरताना आणि खाली करताना, दोन्ही वेळा वजनकाट्याची पावती घ्या. डीओसीचंही तसंच. तिथे बंदराची रांग आणखी वेगळी, हंगामात दिवस मोजायला लागतात.

लोखंडाला भाडं चांगलं मिळतं. परतीला जालन्याची सळई मिळाली तर मालक खूश. पण कॉइल नीट बांधलेली नसेल तर जोराच्या ब्रेकला ती केबिनमध्ये शिरते, आणि सळई गाडीबाहेर लटकवून नेण्यावर बंदी आहे. बाहेर निघालेल्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजारांचा दंड आहे. बांधणी शिकेपर्यंत लोखंडाच्या वाटेला जाऊ नका. ॲसिड, गॅस, पेट्रोलचे टँकर तर अजून पुढची गोष्ट. त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, ती तीन वर्षं चालते. पगार बरा असतो. दोन-तीन वर्षं हात बसल्यावर मी तोच रस्ता सुचवतो, कारण टँकरवाल्यांकडे कागद आणि वेळ दोन्ही शिस्तीत असतात.

आता लांबच्या मोठ्या भाड्याची भूल. गुवाहाटीचं भाडं ऐकून डोळे फिरतात, पण तिकडून इकडे परतीचा माल पटकन मिळत नाही आणि मिळाला तर पडत्या भावाने. सप्टेंबर ते नोव्हेंबर काश्मीरच्या सफरचंदाचं भाडं चढतं, पण जम्मू-श्रीनगर रस्ता दरड कोसळून बंद झाला की गाड्या दिवसेंदिवस अडकतात. दिल्लीकडे हिवाळ्यात धूर वाढला की ट्रकांवर निर्बंध येतात. दोन फेऱ्यांचं भाडं आणि पंचवीस दिवस, याला मोठं भाडं म्हणत नाहीत. भाड्याला गेटपासून गेटपर्यंतच्या दिवसांनी भागा. परतीचेही दिवस धरा. नव्या माणसाला इंदूर-भिवंडी, इंदूर-अहमदाबाद, इंदूर-पुणे हे कंटाळवाणे मार्गच पोसतात. दोन्हीकडून माल मिळतो, गाडी फिरती राहते.

आधी सेंधव्याच्या नाक्यावरच रात्र जायची. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले. बरोबर सात वर्षांनी, १ जुलै २०२४पासून, मध्य प्रदेशाने परिवहनाचे तपासणी नाकेही बंद केले. वाटलं होतं, आता फेरे वाढतील. रस्ता मोकळा झाला हे खरं. रांग मात्र गोदामाच्या गेटवर जाऊन बसली.

गेटवर पोचल्याची वेळ न लिहून घेणं

माझ्या चौथ्या वर्षातली गोष्ट. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी भिवंडीच्या एका गोदामावर पोचलो. वॉचमन म्हणाला, "लाइन में लगा दो." लावली. अडीच दिवसांनी गाडी आत गेली तेव्हा त्याने रजिस्टरमध्ये त्या क्षणाची वेळ टाकली. पोहोच-पावतीवर तीच वेळ आली. कागदावर माझी गाडी दोन तासांत खाली झाली होती! मालकाने हॉल्टिंग मागितलं, कंपनीने कागद दाखवला, मालकाने मला दाखवला. तिळगूळ तर गेलाच, वर अडीच दिवसांचं जेवण खिशातून.

तेव्हापासून सवय लावली, तीच आता माझ्या सगळ्या ड्रायव्हरांना लावतो. गेटसमोर गाडी थांबताच वेळ आणि जागा उमटणारा फोटो काढायचा, गाडीचा नंबर आणि गेटची पाटी दोन्ही दिसतील असा. तो लगेच मालकाला आणि बुकिंगवाल्याला पाठवायचा. आत घेतल्यावर दुसरा, खाली झाल्यावर तिसरा. पोहोच-पावतीवर "इन" आणि "आउट" दोन्ही वेळा लिहून शिक्का घ्यायचा. आणि माल उघडण्याआधी सीलचा फोटो. खोकं फुटलेलं निघालं आणि त्यांनी पावतीवर "डॅमेज" लिहिलं तर किती नग ते आकड्यात लिहायला लावा. नुसत्या "डॅमेज" शब्दावर कितीही कापता येतं.

भांडू नका. फोटो पाठवून गप्प बसा. चोवीस तास झाले की बुकिंगवाल्याला फोन करा, कारण समोरच्या कंपनीशी बोलायचं काम त्याचं. मी आता त्याच खुर्चीत बसतो म्हणून सांगतो, ज्या ड्रायव्हरकडून फोटो येतो त्याचं हॉल्टिंग मागायला मला जोर येतो. नुसतं "साहेब, परवापासून उभा आहे" म्हणणाऱ्यासाठी मी काय भांडणार?

घरी येण्याची तारीख मागणं

हे वाचून दचकाल. तारीख मागू नका. मालक तारीख देतो आणि तारीख मोडते. तो लबाड असतो म्हणून नाही, तुमची गाडी त्या दिवशी हुबळीत उभी असते म्हणून.

रजा फेऱ्यात मागा. "प्रत्येक तिसरा फेरा इंदूरला संपेल आणि तिथे मला तीन रात्री घरी." हे मालकाला पाळता येतं, कारण त्याला गाडी कधीतरी इंदूरला आणायचीच असते. सर्व्हिस, टायर, पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी) ही कामंही असतात. नव्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. त्या तारखा आरसीवरून उतरवून ठेवा आणि रजा त्यांना जोडून घ्या. गाडी तशीही वर्कशॉपमध्ये उभी, तेव्हा तुम्हाला अडवून कुणाचा फायदा नाही.

सगळे दिवाळी मागतात. मला विचाराल तर गणपती मागा. सोयाबीन ऑक्टोबरात मंडीत उतरतं, दिवाळीआधी बाजाराचा माल वाढतो, त्यातच उत्तर प्रदेश-बिहारचे ड्रायव्हर दिवाळी-छठला गावी निघतात. त्या दिवसांत गाडी सोडायला मालकाचा जीव होत नाही, आणि तुम्ही थांबलात तर वरचे पैसे मागायचा हक्क तुमचा. भाद्रपदात मात्र पावसामुळे माल मंद असतो. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत गणपतीला माणूस नसला की जे वाटतं ते काय सांगायचं! अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या बघायला पोरांना खांद्यावर घेऊन उभं राहणं मी सात वर्षं चुकवलं, कारण मी दर वेळी दिवाळीसाठी हट्ट धरायचो आणि दोन्ही हातचं जायचं. रंगपंचमीच्या गेरीचं, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचं, मात्र नाव काढू नका. ती येते मार्चच्या तोंडावर, आणि वर्षअखेरीला कंपन्या गोदामं रिकामी करायला बसलेल्या असतात.

आणखी एक फसवं घर असतं. गाडी इंदुरात, देवास नाक्यावर मालाच्या नंबरात उभी, घर सहा किलोमीटरवर, आणि तुम्ही केबिनमध्ये. फोन कधीही येईल म्हणून. ही रजा नव्हे. घरचे मात्र समजतात, इंदूरला असून आला नाही. इंदुरात गाडी कुठे लागते, रात्री तिच्यावर कोण राहतं, हे नोकरी धरतानाच विचारा. मालकाचं यार्ड असेल आणि रात्री वॉचमन असेल तर महिन्याच्या चार-पाच रात्री आपोआप घरी पडतात. त्यासाठी मी हजार-दीड हजार कमी पगार घेतला असता. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पेशगी उचलून बसणं

लागतानाच तीस-चाळीस हजार पेशगी, म्हणजे आगाऊ रक्कम, देणारा मालक दिलदार वाटतो. मग दर महिन्याला त्यातून कापलं जातं, मध्ये एखादं नुकसान त्याच खात्यात टाकलं जातं आणि खातं काही मिटत नाही. नोकरी सोडायची म्हटली की वही निघते. घरी दुखणं आलं तर पेशगी घ्यावी लागते, नाही म्हणत नाही. पण घेतल्याच्या दिवशी आणि कापल्याच्या प्रत्येक दिवशी शिल्लक किती ते मेसेजवर लिहून घ्या. स्वतःची छोटी डायरी ठेवा: तारीख, कुठून-कुठे, किलोमीटर, डिझेल, खर्च, खुराकी, उभे तास.

आणि लायसन्सची मूळ प्रत कुणाकडे गहाण ठेवू नका. "ऑफिसात राहू दे" म्हणणारे असतात. फोटोकॉपी द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं, त्यामुळे मूळ प्रत घरच्या कपाटात राहिली तरी अडत नाही.

कागद मालकाचे, म्हणून न बघणं

गाडी पकडली की पहिला खाली उतरतो तो ड्रायव्हर. त्यामुळे तीन गोष्टी निघण्याआधी स्वतः बघा.

पहिली, ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ते लागतं आणि साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. इंदूर-चेन्नई साधारण साडेचौदाशे किलोमीटर, म्हणजे आठ दिवस. पुरेसे वाटतात, पण गाडी वाटेत दोन दिवस बिघडली आणि पुढे रविवार आला की संपतात. मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास यातच ती वाढवता येते, आणि ते काम ट्रान्सपोर्टरचं असतं. संपायच्या आदल्या रात्रीच फोन करा. माल दुसऱ्या गाडीत पलटी केला असेल तर नव्या गाडीचा नंबर बिलावर चढलाय का तेही बघा. पकडल्यावर दंड कराच्या दुप्पट बसू शकतो, आणि तो भरेपर्यंत गाडी उभी.

दुसरी, वजन. दहा चाकीची गाडीसकट मर्यादा २०१८मध्ये २५ टनांवरून साडेअठ्ठावीस झाली, तरी लोभ सुटत नाही. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तीन टन जास्त म्हणजे २६ हजार, वर जादा माल उतरवायचा खर्च. कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही येतात. भरल्यावर लगेच काटा करा, पावतीचा फोटो मालकाला पाठवा आणि विचारा, "असंच निघू का?" उत्तर लेखी आलं की निम्मे मालक माल कमी करतात.

तिसरी, विमा. गाडीच्या पॉलिसीत चालक आणि क्लीनर धरलेत का ते विचारा. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, पण तुम्ही त्याच्याकडे कामाला होता हे दाखवायला तोच पगाराचा मेसेज आणि बँकेतला जमा पगार उपयोगी पडतो. म्हणून पगार रोख घेऊ नका. स्वतःच्या बँक खात्यावरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा, वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूचं २ लाखांचं कव्हर मिळतं. ढाब्यावरच्या एका चहा-पोह्यांचे पैसे.

उशीर भरून काढायला रात्र जागणं

गेटवर दोन दिवस गेले की मालकाचा फोन येतो, "आता जरा खेच." इथे उभ्या गाडीचा खर्च तुमच्या झोपेतून वसूल होतो. लांबच्या मार्गावर दिवसाला जास्तीत जास्त दहा तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, ही मर्यादा नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात कागदावर होती. पाळणारे थोडे. पण महामार्गावर ट्रकला वेगाची हद्द ८० आहे आणि गाडीला वेग रोखणारा गव्हर्नर असतो. खेचून खेचून तुम्ही तासाला पाच-सात किलोमीटरच मिळवणार. पाचशे किलोमीटरमध्ये जेमतेम दीड तास वाचतो. त्या दीड तासाने भिवंडीच्या गेटवर नंबर पुढे सरकत नाही. फोन आला की "हो शेठजी" म्हणा आणि पहाटे दोन ते पाच गाडी बाजूला लावून झोपा. खोदून विचारलंच तर पोचायची खरी वेळ सांगा, लवकरची सांगू नका. ड्रायव्हर "सकाळी सहाला" म्हणाला की मी पुढे सहाच कळवतो, आणि मग त्या सहासाठी तो जीव टाकतो.

भाच्याने शेवटी बावीस हजारांची गाडी सोडली. साडेएकोणीस हजारांवर लागला. उभ्या दिवसाची खुराकी आहे, पालद्याला यार्ड आहे, तिसरा फेरा इंदूरचा. घरी ताईने मला बोल लावले, पोराचे अडीच हजार बुडवले म्हणून. मी काही बोललो नाही. परवा त्याचा पुण्याहून फोटो आला. गोदामाचं निळं गेट, बाजूला गाडीची नंबरप्लेट, कोपऱ्यात वेळ ९.४०. खाली लिहिलं होतं, "मामा, इन लिहीत नाहीये. फोटो काढलाय. जेवून घेतो."